उताऱ्यावर चार दिवस

त्या फेब्रुवारीत मला एका जागी बसवत नव्हतं. कचेरीत टेबलाशी बसलो की टेबलाखाली पाय हलत राहायचे. घरी जेवताना अर्ध्यावर उठायचो, पत्र्याच्या पेटीतून फाइल काढायचो, कागद एकेक करून पाहायचो आणि परत ठेवून द्यायचो. बायको म्हणायची, "कागद काही पळून जात नाहीत. भाकरी मात्र गार होते."

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मी धुळ्यात पाटबंधारे खात्यात कनिष्ठ लिपिक होतो. घर घेण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी अग्रिमाला अर्ज करून मला सहा वर्षं झाली होती. यादीत नाव वर सरकत सरकत अखेर त्या वर्षी मंजुरीचं पत्र आलं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: रक्कम चालू आर्थिक वर्षातच उचलावी, अन्यथा मंजुरी रद्द समजण्यात येईल. म्हणजे एकतीस मार्चच्या आत खरेदीखत व्हायला हवं होतं. नाही झालं तर पुन्हा यादीच्या तळाशी.

माझे वडील सावद्याला केळीच्या वखारीत हमाल होते. वखारीच्या मागे मालकाने दिलेल्या एका खोलीत आम्ही वाढलो. ती खोली आमची नाही हे वडील इतक्या वेळा सांगायचे की लहानपणी मी भिंतीला खिळाही ठोकला नाही. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझी फी शाळेतल्या गुरुजींनी दोनदा भरली. अर्ज कसा लिहावा हेही त्यांनीच शिकवलं. "वाचणाऱ्याला उठून दुसरा कागद शोधावा लागता कामा नये," असं ते म्हणत. तेवढ्या एका वाक्यावर मी नोकरी मिळवली आणि टिकवली. त्यामुळे घर घेताना कागदाच्या बाबतीत आपण चुकणार नाही, अशी माझी खात्री होती.

घर धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत होतं. एकामागे एक तीन खोल्या, मागे न्हाणी आणि हातभर अंगण. मालकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा मुलगा सुरतेला एका कारखान्यात लागला होता आणि आता बापाने दुकान मोडून तिकडेच जायचं ठरवलं होतं. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला साहेब. मी साहेब नव्हतो हे त्याला माहीत होतं, पण घर विकणारा माणूस घेणाऱ्याला साहेबच म्हणतो.

सौदा ठरला. सौदापावती मी स्वतः लिहिली. सिटी सर्व्हेचा उतारा काढून आणला. उताऱ्यावर भाऊच्या वडिलांचं नाव होतं, त्याला कंस केलेला होता आणि खाली वारस म्हणून एकट्या भाऊचं नाव होतं. घरपट्टीच्या पावत्या, नळपट्टीच्या पावत्या, तीस वर्षांच्या व्यवहारांचा वकिलाने करून दिलेला शोध, सगळं नीट लावलेलं. कोणाचं कर्ज नाही, गहाण नाही. मी विसार दिला, पावतीवर तिकीट लावून सही घेतली आणि त्या संध्याकाळी घरी जाताना सायकल जरा जोरातच चालवली.

मग मी खरेदीखत लिहून घ्यायला चाचांकडे गेलो.

चाचा म्हणजे निबंधक कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारे दस्तलेखक. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सारा गाव त्यांना चाचा म्हणायचा. त्यांनी माझी फाइल उघडली, एकेक कागद पाहिला आणि मान हलवली.

"कागद कोणी लावले?"

"मी."

"छान लावलेत." मग ते माझ्याकडे न बघता भाऊकडे वळले. "तुमचे वालिद वारले तेव्हा मागे कोण कोण होतं?"

"मी होतो," भाऊ म्हणाला. "आई आधीच गेली होती."

"आणि बहिणी?"

"एक आहे. पिंपळनेरला दिली. दिल्या घरी सुखी आहे."

"सुखी राहो," चाचा म्हणाले. "पण सही लागेल."

मला वाटलं ते गंमत करतायत. मी उतारा पुढे केला. "चाचा, उताऱ्यावर एकच नाव आहे."

"उताऱ्यावर एक नाव आहे कारण यांनी अर्जात एकच नाव लिहिलं. का हो?"

भाऊ खाली बघून हसला. "तेव्हा सगळे तसंच लिहायचे, चाचा. मुलीचं नाव कोण लावतं?"

"कोणी लावत नाही. म्हणूनच तर माझं पोट चालतं." चाचांनी चष्मा काढून पुसला. "घर बापाने स्वतःच्या कमाईचं बांधलेलं. बाप मृत्युपत्र न करता गेला. छप्पन सालापासून कायदा आहे. मुलगा जेवढा वारस, तेवढीच मुलगी. उतारा म्हणजे काही मालकी नाही हो, ती सरकारने आपल्या सोयीसाठी ठेवलेली नोंद. कोणी खोटं सांगितलं तर ती खोटी राहते."

मी माझ्या सौदापावतीतलं कलम दाखवलं. कोणाचा हक्क निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करतील, असं मी लिहिलं होतं. मला त्या वाक्याचा अभिमान होता.

चाचा मोठ्याने हसले. "निवारण सुरतेहून करतील?"

माझी चूक ही होती. पाणीपट्टी किती वर्षांची भरली हे मी विचारलं. भिंत सामाईक आहे का, हे विचारलं. पण त्या घरात जन्मलेली दुसरी कोणी आहे का, हे मला सुचलं नाही. कागदावर जे नाही ते विचारायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि खरं म्हणजे माझ्या स्वतःच्या गावातही कोणी ते विचारत नव्हतं.

भाऊला त्याची काहीच चिंता वाटली नाही. "आखाजीला अक्का माहेरी येईल," तो म्हणाला. "साडी नेसवू, हक्कसोडावर सही घेऊ. बहीण भावाला नाही म्हणत नाही."

आमच्याकडे रीतच तशी आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. जाताना साडी-चोळी होते, आणि पुष्कळ घरांत त्याच दिवसांत एखादा कागद पुढे केला जातो. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून बहिणी सही करतात, अंगठा देतात. त्याच्यापलीकडे कोणी बोलत नाही.

पण आखाजी वैशाखात, आणि माझा मार्च फाल्गुनातच संपत होता.

"आधी नाही का जाता येणार?" मी विचारलं.

"जाऊ की," भाऊ म्हणाला. "साडी काय, कधीही घेता येते."

हक्कसोडपत्राचा मजकूर मीच लिहिला. चाचा म्हणाले, लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. त्यांच्याकडच्या जुन्या नमुन्यावरून मी लिहीत गेलो आणि दोन-तीन ठिकाणी भाषा सुधारलीसुद्धा. पुढच्या रविवारी भाऊ आणि मी साक्रीमार्गे जाणाऱ्या एसटीने पिंपळनेरला निघालो. भाऊच्या मांडीवर पिशवीत अंजिरी रंगाची साडी होती. माझ्या मांडीवर फाइल. रस्ताभर तो कुठल्यातरी गाण्याची शीळ घालत होता. मी मात्र एसटी थांबली की घड्याळ पाहत होतो.

अक्काचं घर बाजारापासून आत होतं. ती ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती, बारीक आणि फोल बाजूला काढत. भाऊपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिचे यजमान, भाऊचे दाजी, दोरखंड वळत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि हसून घोंगडी झटकली.

"बठ रे भाऊ," अक्का म्हणाली. "हे कोन?"

"हे साहेब. आपलं घर घेतायत."

"कोनतं घर?"

भाऊने खाकरून घसा साफ केला. तिला घर विकायचं माहीतच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. एसटीत तीन तास शेजारी बसून हा माणूस मला तेवढंही बोलला नव्हता.

त्याने सगळं एका दमात सांगितलं. सुरत, मुलगा, दुकान मोडणं. मग साडी काढून तिच्यासमोर ठेवली. अक्काने साडीला हात लावला नाही. शेंगा निवडत राहिली.

"आखाजीले आजून दोन महिना शेतस," ती म्हणाली. "आजच साडी काब्र? कशाले?"

"घ्यावीशी वाटली."

"तीन आखाज्या गयात. कोनी लेवाले उनं नही." तीन वर्षं तिला न्यायला कोणी आलं नव्हतं.

"अक्का, दुकान असतं ना, सोडून यायला..."

"आज रविवार शे. रविवारनं दुकान बंद व्हतं का आधीबी?"

दाजी दोरखंडावरून नजर न उचलता हसले. भाऊ त्यांच्याकडे वळला. "दाजी, तुम्ही सांगा ना तिला जरा."

"मी जवाई शे," दाजी म्हणाले. "माले मान द्या, कागद नको."

मी सावद्याकडचा. आमची बोली वेगळी, आणि अक्काची अहिराणी मला सगळी समजत नव्हती. तिचं पुढचं बोलणं मी बहुतेक माझ्या भाषेतच लिहितो आहे, काही शब्द तेवढे तिचेच ठेवून. तिने चहा ठेवला, आम्हाला कप दिले आणि मग माझ्या फाइलकडे बोट केलं. "बठ्ठा कागद वाचा. एक ओळ सोडू नका."

मी वाचलं. माझे लग्नात वडिलांनी योग्य तो खर्च केलेला असून मला साडीचोळी पावली आहे. सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क, हिस्सा वा हितसंबंध उरलेला नाही. तो मी राजीखुशीने, कोणाचेही दडपणाशिवाय, भावाचे लाभात कायमचा सोडून देत आहे. मी स्पष्ट आवाजात वाचलं. शाळेत वाचायचो तसंच.

"हे कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं, अक्का."

"तुम्ही मला याच्या आधी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग मी राजीखुशी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कप हातातच राहिला. माझं अक्षर चांगलं आहे हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि त्या दिवशी ते अक्षर माझ्याच मांडीवर उघडं पडलं होतं.

भाऊ चिडला. "अक्का, लोक काय म्हणतील? बहिणीने हिस्सा मागितला म्हणतील. माहेर तुटतं अशाने."

तेव्हा अक्काने हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "माहेर राहावं म्हणून बहिणी सोडतात. तू ते माहेरच इकी राह्यना. आता मी कोणत्या दारात येऊ? सुरतेच्या खोलीत? तिथं तुझ्या सुनेलाच वळायला जागा नसेल."

कोपऱ्यात कोंबडी शेंगांच्या फोलांत चोच मारत होती, तिला दाजींनी हुसकलं.

"मी हक सोडाव नही," अक्का म्हणाली, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून. "मी इकसू. सोडणं वेगळं आणि विकणं वेगळं. मी त्या घरात जन्मले, त्याच्या पायाची माती मी बाबांबरोबर टोपलीने वाहिली, तेव्हा हा पाळण्यात होता. ज्याला घर घ्यायचं आहे त्याने ते माझ्याकडूनही घ्यावं. तसं लिहून आणा. मी येईन."

साडी तोवर तिथेच पडून होती. आम्ही निघालो तेव्हा तिने ती पिशवीत घालून भाऊच्या हातात दिली आणि म्हणाली, "आखाजीले लई ये." म्हणजे आखाजीलाच घेऊन ये.

परतीच्या एसटीत भाऊने शीळ घातली नाही. साक्रीला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, एक बोलू? उताऱ्यावर माझंच नाव आहे. तुमच्या वकिलाच्या शोधातही माझंच नाव आहे. अक्काला कोण विचारतं? चाचा लिहीत नसतील तर दुसरा लिहील. आवारात दहा टेबलं आहेत."

मी नकार दिला नाही.

पुढचे आठ-नऊ दिवस कसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी रोज सकाळी ठरवायचो की दुसऱ्या टेबलावर जाऊ, आणि संध्याकाळी निबंधक कचेरीवरून सायकल तशीच पुढे नेऊन घरी यायचो. एकदा तर आवारात शिरलो, दुसऱ्या दस्तलेखकासमोर उभाही राहिलो. त्याने विचारलं, "काय लिहायचं?" मी म्हणालो, "भाडेकरार." का म्हणालो कोण जाणे. त्याने कोऱ्या कागदाकडे हात नेला आणि मी पळ काढला.

चाचांनी मला जाताना पाहिलं होतं. त्यांनी हाक मारली. पिंपळनेरला काय झालं ते मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

"त्याच्याकडे गेलात तरी दस्त नोंदेल," ते म्हणाले. "निबंधक काय बघतो? सही करणारा तोच माणूस आहे ना, एवढंच बघतो. नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की झाली असं लोक समजतात. तसं नसतं. जे भाऊचं नाही ते भाऊ विकू शकत नाही, मग तुम्ही दहा शिक्के मारून घ्या. तुम्हाला त्याचा अर्धा मिळेल, आणि बाकीचा अर्धा पिंपळनेरला बसून शेंगा निवडत राहील. आज ती येणार नाही. तिची पोरं येतील, दहा-बारा वर्षांनी, तुम्ही वर मजला चढवल्यावर."

मी न्यायासाठी उभा राहिलो असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटली. वखारीमागच्या खोलीत वाढलेल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती हीच असते, की कोणीतरी दारात येईल आणि म्हणेल, हे तुझं नाही. त्याच संध्याकाळी मी भाऊच्या दुकानात गेलो. तो एका ट्यूबला ठिगळ लावत होता. मी सांगितलं, अक्काशिवाय मी घेणार नाही. विसार परत दे.

त्याने ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे आले. "विसार सुरतेच्या खोलीच्या पागडीत गेला," तो म्हणाला.

आम्ही दोघेही अडकलो होतो. तो घर विकल्याशिवाय जाऊ शकत नव्हता, मी ते घेतल्याशिवाय राहू शकत नव्हतो, आणि दोघांचाही रस्ता पिंपळनेरच्या त्या ओसरीवरून जात होता. भाऊने बराच वेळ ठिगळावर अंगठा दाबून धरला. मग म्हणाला, "अर्धा मागेल ती?"

"कायद्याने अर्धाच आहे."

"तुम्ही तिकडचे झालात का, साहेब?"

"मी कुणीकडचा नाही, भाऊ. मला एकतीस मार्च आहे."

या वेळी तो एकटाच गेला. दोघांत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थेट माझ्या घरी आला, डोळे लाल. दारातच म्हणाला, "चौथा हिस्सा घेईन म्हणते. म्हणाली, बाबांचं दुखणं तू एकट्याने काढलंस, म्हणून माझ्या अर्ध्यातला अर्धा तुला. पण लिहायचं असं की मी तुला दिला, तू मला दिलास असं नाही." तो उंबऱ्यावर बसला. "लहानपणापासून अशीच आहे. चिंचोके खेळताना पण हिशोब." बायकोने त्याला पाणी दिलं. त्याने एका दमात तांब्या रिकामा केला.

मला वाटलं आता संपलं. पण चाचा म्हणाले, सरळ खरेदीखत नको. ज्याचं नाव उताऱ्यावर नाही तिच्याकडून खरेदी घेतली, तर तुमचं खातं विचारेल ही कोण. आधी सिटी सर्व्हेत वारस म्हणून तिचं नाव लावा. मग विका.

अर्ज, प्रतिज्ञापत्र, बापाच्या मृत्यूचा दाखला, आणि त्यावर पंधरा दिवसांची नोटीस. नोटीस निघाली तेव्हा मार्चचा पहिला आठवडा संपत आला होता. मी रोज दुपारच्या सुट्टीत सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाऊन उभा राहायचो. तिथले कारकून माझ्यासारखेच, टेबलाखाली जेवणाचा डबा आणि टेबलावर फायलींचा ढीग. चौथ्या दिवशी एक जण म्हणाला, "बाबा, पंधरा म्हणजे पंधरा. तुम्ही उभे राहिलात म्हणून दिवस लवकर मावळत नाही." मी त्याला सांगितलं की मीही लिपिक आहे. तो म्हणाला, "मग तर तुम्हाला कळायला पाहिजे."

अखेर फेरफार मंजूर झाला. भाऊच्या नावाखाली अक्काचं नाव चढलं. बापाचं नाव, दोन वारस. पुढे चार दिवसांनी निबंधक कचेरीत वेळ मिळाली. मार्चअखेर असल्यामुळे आवारात जत्रा भरावी तशी गर्दी होती. ताक विकणारे, मुद्रांक विकणारे, साक्षीदार म्हणून नुसते सही करायला आलेले. अक्का पहाटेच्या एसटीने आली होती, दाजींना घेऊन. अंगावर साधी हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. भाऊ तिच्यापासून चार माणसं सोडून उभा होता.

चाचांनी खरेदीखत वाचून दाखवलं. लिहून देणार एक, लिहून देणार दोन. अक्काने ऐकलं. दोनला, म्हणजे स्वतःच्या नावाला, मान डोलावली. मग तिने विचारलं, "मी सही केल्यावर माझ्या नावाचं काय होईल?"

"तुमचं नाव कमी होईल, अक्का," चाचा म्हणाले. "खोडत नाहीत. त्याला कंस करतात, आणि खाली यांचं नाव लागतं."

"म्हणजे आता ते मोकळं आहे."

"हो, आज मोकळं आहे."

"कागद मिळतो त्याचा?"

"नक्कल मिळते. अर्ज करून."

"मग सही नंतर," अक्का म्हणाली आणि कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसली. "आधी नक्कल."

आमच्या पुढे फक्त तीन दस्त होते. शिपायाने नावं पुकारली आणि आम्ही नसलो तर वेळ गेली, आणि पुढची वेळ एप्रिलमधली. मी म्हणालो, "अक्का, खरेदीखतात तुमचं नाव आहेच. त्याची नक्कल मी स्वतः पोस्टाने..."

"त्यात मी विकणारी आहे," ती म्हणाली. "मला ते पाहिजे ज्यात मी मालक आहे. उद्या मी मालक नसेन."

भाऊ पुढे आला. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्याने खिशातून सायकलची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "माझी घ्या," तो म्हणाला. "तुमच्या सायकलची चेन उतरते. किती वेळा सांगितलं दुकानात आणा म्हणून."

मी निघालो. उन्हात डांबर मऊ झालं होतं. सिटी सर्व्हेत तोच कारकून होता. मी अर्ज उभ्या उभ्या लिहिला, टेबलाच्या कडेवर, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर त्या अर्जात आहे. त्याने अर्ज पाहिला, मग मला.

"नक्कल उद्या मिळते."

"उद्या हे नाव मालकाचं राहणार नाही."

त्याने रजिस्टर काढलं, नाव पाहिलं. "ही बाई ना? तिच्या नोटिशीसाठी तुम्ही रोज येत होता." मग म्हणाला, "नाव लावायची एवढी घाई, आणि आता काढायचीही."

"तिलाच ते पाहिजे," मी म्हणालो. "लावलेलं."

त्याने कार्बन घातला, हाताने उतारा लिहिला, आत जाऊन सही-शिक्का घेऊन आला. मी अधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. "माझ्याकडे बघा," तो शिक्क्यावर फुंकर मारत म्हणाला, "घड्याळ बंद आहे."

मी परत आलो तेव्हा शिपाई आमच्या आधीच्या दस्ताची नावं पुकारत होता. अक्का बाकावरून उठली. मी नक्कल तिच्या हातात दिली. ती चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून वाचलं. आधी बापाचं नाव, कंसात. मग भाऊचं. मग स्वतःचं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, जे लग्नानंतर तिच्या कोणत्याच कागदावर राहिलं नव्हतं. ती पुन्हा वरून वाचायला लागली. शिपायाने आमची नावं पुकारली. चाचा म्हणाले, "चला, चला." तिने दुसऱ्यांदा शेवटपर्यंत वाचलं, मगच घडी घातली.

"दाखव," भाऊ म्हणाला.

तिने घडी उलगडून त्याच्यासमोर धरली, पण कागद सोडला नाही. त्याने वाकून पाहिलं. "बाबांना कंस," तो म्हणाला.

"तुलेबी होई," अक्का म्हणाली. "चाल."

आत निबंधक साहेबांनी विचारलं तेव्हा तिने सही केली, अंगठा नाही. अक्षर मोठं, एकेक वेगळं. मग भाऊने केली. मग मी. माझ्या सहीच्या वेळी ती शेजारीच उभी होती, पिशवी छातीशी धरून. माझं नाव कुठे येतं ते तिने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुम्हीबी एक रोज कंसमा जाशात."

"जाईन, अक्का," मी म्हणालो.

बाहेर भाऊ तिच्यासाठी ताक घेऊन उभा होता. साक्रीची एसटी तीन वाजता होती. तो तिला स्टँडवर सोडायला गेला, सायकल हातात धरून, ती शेजारून चालत, दाजी मागे. मला त्याच दिवशी खात्यात कागद दाखल करायचे होते, म्हणून मी विरुद्ध दिशेने निघालो. वळणावर मागे पाहिलं. भाऊ काहीतरी बोलत होता आणि अक्का मान हलवत होती, नाही म्हणत होती की हो, ते इतक्या लांबून कळलं नाही.